राखेच्या स्क्रू कन्व्हेयरचं हँगर बेअरिंग सीझनमध्ये सारखं का जातं, आणि आधी काय तपासायचं?

तुमचा प्रश्न चिकोडीकडच्या साखर कारखान्यातल्या बॉयलरच्या राखेच्या स्क्रूबद्दल आहे ना, मग पहिलं सांगतो, हँगरला, म्हणजे स्क्रूला मधे वरून टांगून धरणाऱ्या बेअरिंगला, ग्रीस मारत बसू नका. राख आणि ग्रीस मिसळलं की घासायची पेस्टच होते आणि शाफ्ट खाते. तिथं हार्ड आयर्नचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) आणि कपलिंग शाफ्ट, म्हणजे स्क्रूचे दोन तुकडे जोडणारा दांडा, तोपण हार्ड केलेला, असं कोरडं चालणारंच बसवा, थोडा आवाज करतंय पण टिकतंय.

हँगर गेलं की नुसतं बेअरिंग बदलून मोकळं होऊ नका हो, कपलिंगचे बोल्ट काढून भोकं बघा की, गोल आहेत का लांबट झाल्यात. लांबट असली तर नवीन बोल्टपण तुटणारच आणि स्क्रू खाली बसून ट्रफ, म्हणजे तो ज्यात फिरतो ती पन्हळ, घासणार. फ्लाइटची, म्हणजे स्क्रूच्या पात्याची, जाडी माल ढकलणाऱ्या बाजूला, बाहेरच्या कडेजवळ मोजा, झीज तिथं आधी दिसते, कड सुरीसारखी धारदार झाली म्हणजे संपली. ट्रफ आणि फ्लाइटमधली फट साधारण 12 मिमी धरतात, दर हँगरपाशी मोजून वहीत लिहा, मोटरचे अँपिअरपण त्याच पानावर. ट्रफ हँगरपर्यंत भरू देऊ नका.

गाळप संपल्यावर लगेच मोजलं तर बेळगावच्या उद्यमबागेत फ्लाइट करून घ्यायला, हार्डफेसिंग (कडेवर कठीण धातूचा वेल्डिंगचा थर) मारायला वेळ मिळतो. आणि झाकण काढायच्या आधी फ्यूज काढून मेन स्विचला कुलूप, चावी आत उतरणाऱ्या फिटरच्याच खिशात, यात कुणाचं ऐकू नका.