पितळेच्या हाराला साडेसहा हजार का द्यायचे, मोडीत तर काहीच येत नाही?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी लिहिलंय की नागपुरातल्या एका प्रदर्शनात त्यांना हाताने बनवलेला पितळेचा नेकपीस फार आवडला, डिझायनरने ६,५०० सांगितले, आणि घरी आल्यावर सगळे म्हणाले की पितळेला एवढे कोण देतं, उद्या मोडायला नेलं तर शंभर रुपये येणार नाहीत. तर घ्यावा की नाही. मी हेच काम करते, नागपुरातच करते, आणि "मोडीत" हा शब्द वाचून मला राहवलं नाही म्हणून लिहितेय, लांब होईल.

घरचे बरोबर सांगतात. मोडीत काही येणार नाही. दीडशे ग्रॅम पितळ म्हणजे भंगारात शंभरच्या आतबाहेर, विषय संपला. पण मोडायचा विचार करून घेणार असाल तर तो हार घेऊच नका, हे मी मनापासून सांगतेय. सोन्याचं नाणं घ्या, त्यात घडणावळ पण कमी लागते.

माझे बाबा इथेच नागपूरच्या इतवारीत सोन्याचे कारागीर होते. सराफा बाजाराच्या मागच्या बाजूला एका माडीवर चार जण बसायचे, त्यातले एक. शेगडी, फुंकणी, सवागी, चिमटा आणि मांडीवर चामड्याचा तुकडा, कानशीने घासलेला कण पण त्यात पडला पाहिजे, कारण संध्याकाळी वजन व्हायचं आणि ठरल्यापेक्षा जास्त घट आली की मजुरीतून कापायचे. मजुरी ग्रॅमवर. म्हणजे नाजूक काम जितकं जास्त तितकं वजन कमी आणि तितकी मजुरी कमी, हा हिशोब मला लहानपणीच चुकीचा वाटायचा पण तिथे सगळे तसंच करायचे. वज्रटीक, ठुशी, पाटल्या, काय नाही केलं त्यांनी. दागिना दुकानाच्या डबीत जायचा आणि दुकानाच्या नावाने विकला जायचा. आताही सोन्यावर हॉलमार्क असतो, २०२१ पासून सक्तीचा झाला, त्यात शुद्धता असते, सहा अक्षरी एचयूआयडी नंबर असतो, त्या नंबरवरून सराफ कोण ते कळतं. ज्याने घडवला त्याचं नाव त्यात कुठे नाही.

आता माझा किस्सा, कारण तुमचा प्रश्न आणि हा किस्सा एकच आहे.

धरमपेठेतल्या एका बाईंनी मुलीच्या रिसेप्शनसाठी मोठा नेकपीस सांगितला होता. माझं आधीचं काम पाहून आल्या होत्या, स्केच पाहिलं, किंमत ११,००० ठरली, अर्धे अ‍ॅडव्हान्स दिले. मधे मोठा दगड हवा होता आणि तो विकतचा नको, आपल्या भागातला हवा असं त्यांचंच म्हणणं. मी गोंडाईट सुचवला. मनसर-रामटेककडे मॅंगनीजचा पट्टा आहे ना, त्यात हा दगड येतो, गार्नेट आणि क्वार्ट्झचा, काळपट तपकिरी, आणि ओला केला की आतून नारिंगी झाक दिसते. बाजारात याला कोणी विचारत नाही. पण कापायला महाकठीण, पाणी सोडत सोडत डायमंड चक्रीवर हळूहळू न्यावा लागतो, घाई केली की कड उडते.

त्याच्याभोवती पितळेचा पत्रा सॉ-फ्रेमने कापून पानं केली, प्रत्येक पान वेगळं ठोकलं. ठोकत गेलं की पितळ कडक होतं आणि तसंच रेटलं तर चिरतं, म्हणून मधे मधे ताव द्यायचा, मंद लाल दिसेपर्यंत तापवायचं, पाण्यात बुडवायचं, काळं पडलेलं साफ करायचं, परत ठोकायचं. मग झाळकाम, म्हणजे वितळलेल्या धातूने तुकडे एकमेकांना सांधणं. झाळ नेहमी जास्त तापलेल्या बाजूला पळते, आणि पितळेत जस्त असतं ते ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे ज्योत एका जागी जास्त थांबली की पांढरा धूर निघतो आणि पत्रा खडबडीत होतो, मग ते पान फेकायचं. हे सगळं ऐन मे महिन्यात. बाहेर पंचेचाळीस अंश आणि टॉर्च चालू असताना पंखा बंद, कूलर बंद, कारण वारा लागला की ज्योत हलते. कोंदण सगळ्यात शेवटी केलं, दगडाच्या कडेला पितळेची पट्टी दाबत दाबत अशी बसवली की नखाला पण कुठे अडकू नये.

घ्यायला आल्या तेव्हा सोबत त्यांच्या सासूबाई होत्या. त्यांनी हार हातात घेतला, तळहातावर जोखला आणि विचारलं, "किती ग्रॅम?" मी सांगितलं १४०, दगडासकट. त्यांनी मोबाईलवर पितळेचा भाव काढला आणि सुनेला म्हणाल्या, "शंभराचं पितळ आहे. अकरा हजार कशाचे घेऊन राहिली ही?" माझ्याकडे पाहून नाही बोलल्या, हे मला जास्त लागलं. सूनबाई गप्प. मग मला बाजूला घेऊन, "ताई, चार करा ना, घरात वाद नको." मी तिथल्या तिथे अ‍ॅडव्हान्स परत पाठवला, पूर्ण, आणि हार ठेवून घेतला. चार हजारात दिला असता तर दगड, पत्रा, गॅस सगळं निघालं असतं, नुकसान नव्हतं. पण मग सासूबाईंचा हिशोब बरोबर ठरला असता आणि पुढच्या वेळी त्याच दुसऱ्या कोणाला तरी तेच म्हणाल्या असत्या.

घरी बाबांना दाखवला. त्यांना आता बारीक दिसत नाही. त्यांनी हार आधी उलटा केला, समोरून पाहिलाच नाही, पाठीवरून प्रत्येक सांध्यावर नख फिरवलं आणि म्हणाले, "झाळ लागत नाही कुठे." एवढंच. आणि मग स्वतःहून बोलले की माझ्या हातचं आता कुठे काय असेल सांगता येत नाही, सगळं मोडलं असेल लोकांनी.

हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं आणि सुचल्यावर डोक्यातून गेलं नाही. खरंच, आमच्या घरात पण बाबांच्या हातचं एकही काम नाही. आईच्या पाटल्या त्यांनीच घडवलेल्या, माझ्या लग्नात मोडून नवीन फॅशनचं सेट केलं. सोन्याचा भाव वाढला की मोड, लग्न आलं की मोड, डिझाईन जुनं झालं की मोड. एका माणसाने जन्मभर रोज काम केलं आणि ते सगळं वितळून गेलं, कारण मोल फक्त धातूचं होतं. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरिया गावाला १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ प्राचीन वस्तूंसोबत चांदीच्या १०२ वस्तू सापडल्या होत्या, पातळ चकत्या आणि बैलाच्या डोक्याचे आकार. त्या जमिनीत पुरलेल्या होत्या म्हणून राहिल्या. कोणाच्या घरात असत्या तर पहिल्याच दुष्काळात वितळवायला मूस चढली असती.

आणि इथेच माझं माझ्या मोठ्या काकांशी भांडण आहे, वीस वर्षं जुनं. ते सराफ्यात दलाली करायचे. प्रत्येक लग्नकार्यात चार लोकांत म्हणतात, "सोनाराची पोर असून भंगार ठोकून राहिली. मोडीत काय भेटते याचं?" काका, सोन्याच्या मोडीत तरी घडणावळ भेटते का? तुम्ही जन्मभर हेच केलं, तुम्हाला माहीत आहे. आठ टक्के असो की वीस टक्के, घडवल्याचे पैसे गिऱ्हाईक देतं आणि मोडताना सराफ ते शून्य धरतो, भरलेला जीएसटी पण गेला. म्हणजे हाताचं मोल सोन्यात पण मोडीत शून्यच आहे, फक्त तिथे धातू भारी म्हणून ते झाकलं जातं आणि माझ्या पितळेत उघडं पडतं. आणि पितळ कोणी मोडत नाही हीच माझ्या दृष्टीने त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. मोडून उपयोग नाही म्हणून ते राहील.

पितळेचं काम हलकं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक सांगते. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर, ज्याची हवेत फिरणारी शिल्पं जगभर माहीत आहेत, त्याने हाताने सुमारे १,८०० दागिने केले, बरेचसे पितळेच्या आणि चांदीच्या तारा ठोकून. १९४२ मध्ये पेगी गुगेनहाइमने न्यूयॉर्कमध्ये आपली गॅलरी उघडली तेव्हा एका कानात काल्डरचं कानातलं घातलं होतं आणि दुसऱ्या कानात इव्ह तांगी या चित्रकाराचं. त्या दोन कानातल्यांचं वजन आजवर कोणी विचारलं नसेल.

आता तुमच्या ६,५०० चं. पीसचा फोटो नाही त्यामुळे बरोबर की जास्त ते मी सांगू शकत नाही. माझ्या कामात मटेरियल किमतीच्या दहा टक्क्यांच्या वर क्वचित जातं, बाकी तास असतात, स्टॉलचं भाडं असतं, आणि बुटिकमध्ये जांगडवर, म्हणजे विकलं तरच पैसे या बोलीवर, ठेवलं तर तीस-चाळीस टक्के त्यांचे, तेही विकलं गेल्यावर. तो हार पत्र्यापासून हाताने केला असेल तर ६,५०० मला जास्त वाटत नाहीत.

पण "हाताने बनवलेलं" अशी चिठ्ठी लावून सगळेच हाताने बनवत नाहीत, हेही सांगायला हवं, आमच्याच लाईनमध्ये चालतं हे. घाऊक बाजारातून साच्यातल्या ओतीव पट्ट्या आणायच्या, कड्या जोडायच्या, वर एखादा मणी, आणि म्हणे आर्ट ज्वेलरी. त्याला हजार पण देऊ नका. कसं ओळखायचं तर हार उलटा करा. पाठ खरखरीत सोडलेली असेल, सांध्यावर गोळे असतील, हुकाची कडी न झाळता नुसती वाकवलेली असेल तर परत ठेवा. दोन पानं शेजारी धरून पाहा, हातोडीचे ठोके अगदी सारखे असतील तर ते साच्याचं आहे. आणि डिझायनरला विचारा की तुटला तर दुरुस्त करून द्याल का. ज्याने स्वतः केलंय तो लगेच हो म्हणतो. ज्याने आणलंय तो विषय बदलतो.

भाव करायचा असेल तर करा, त्यात राग येण्यासारखं काही नाही, पाचशे कमी करा म्हटलं तर मी पण करते. फक्त वजन विचारून करू नका.

घेतलाच तर एवढं लक्षात ठेवा की नागपूरच्या उन्हाळ्यात पितळ घामाने काळं पडणारच आणि मानेवर हिरवट डाग येऊ शकतो, त्यातल्या तांब्यामुळे, साबणाने जातो. घालून झालं की कोरड्या कपड्याने पुसा आणि हवाबंद पिशवीत ठेवा. चकचकीत फिनिश असेल तर पितांबरी चालते, पण मुद्दाम काळपट केलेलं असेल तर पितांबरी लावू नका, सगळी शेड निघून जाईल आणि ती परत आणायला त्या डिझायनरकडेच जावं लागेल.