सामंजस्य करार झाला, विद्यार्थी कधी जाणार?

प्रश्न : मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या विद्यापीठाने दोन वर्षांपूर्वी जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातल्या एका विद्यापीठाशी सामंजस्य करार केला. पेपरात फोटोही आला होता. पण आजवर इथून एकही विद्यार्थी गेलेला नाही, तिकडून कोणी आलेलं नाही. विभागप्रमुख मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, ‘तूच प्रस्ताव कर, मी पुढे पाठवते.’ मला तिसरं सत्र तिकडे करायचंय. विद्यार्थ्याला असा उपक्रम सुरू करून घेता येतो का? बाबा म्हणतात, पदरचे पैसे घालून सहा महिने तिकडे राहायचं आणि इथलं वर्ष बुडवायचं, हा कसला शहाणपणा? शिवाय, या प्रकारच्या कामात पुढे करिअर होतं का?

उत्तर : मॅडमनी चेंडू तुझ्याकडे टोलवला असं तुला वाटलं असणार. मला ते तसं वाटत नाही. ‘मी पुढे पाठवते’ हे वाक्य विद्यापीठात सहजासहजी ऐकायला मिळत नाही, तेव्हा ते पकडून ठेव. बाबांचाही राग करू नकोस. त्यांनी घेतलेली शंका हाच या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

युरोपातला विद्यार्थी अदलाबदलीचा इरॅस्मस कार्यक्रम आज जगभर माहीत आहे. त्याची सुरुवात अशाच एका बुडालेल्या वर्षातून झाली. सोफिया कोर्रादी ही रोममध्ये कायदा शिकणारी मुलगी अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेली. तिथली पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ मध्ये परत आली, तेव्हा तिच्या विद्यापीठाने ते शिक्षण धरायला साफ नकार दिला. पुढची कित्येक वर्षं तिने एकच गोष्ट लावून धरली : बाहेर केलेला अभ्यास घरच्या विद्यापीठाने मोजलाच पाहिजे. १९८७ मध्ये इरॅस्मस सुरू झाला तो ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थी घेऊन. तो टिकला, वाढला, कारण परतलेल्या मुलांचं सत्र वाया गेलं नाही.

तुझ्या विद्यापीठाच्या कराराचं घोडं बहुधा इथेच अडलं असणार. सामंजस्य करारात साधारण दोन-तीन पानांत सहकार्याची इच्छा लिहिलेली असते. किती विद्यार्थी, कोणत्या सत्रात, कोणते विषय, गुण कसे धरायचे, हे सगळं वेगळ्या विद्यार्थी-विनिमय करारात किंवा परिशिष्टात येतं. ते परिशिष्ट आहे का, हे आधी बघ. मॅडमच्या सहीने पत्र देऊन कराराची प्रत माग आणि मुदतीची तारीखही तपास. असे करार ठराविक वर्षांसाठी असतात. कोणी न वापरताच ते संपून जातात, मग नूतनीकरणाचा आणखी एक फोटो येतो.

आता तुझा हट्ट. तिसरं सत्र तिकडे करायचं हे डोक्यातून काढून टाक, निदान तुझ्या बॅचपुरतं. कॅलेंडर समोर ठेवून बघ. आपलं तिसरं सत्र जुलैच्या आसपास सुरू होतं आणि नोव्हेंबर-डिसेंबरात परीक्षा होऊन संपतं. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबरला सुरू होतं, तास मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि परीक्षा त्यानंतर. म्हणजे तू तिथे पेपर लिहीत असशील तेव्हा इथे चौथ्या सत्राचे दोन महिने उलटलेले असतील. बाबा बरोबर बोलतायत.

पण त्याच कॅलेंडरमध्ये एक फट आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या पदव्युत्तर आराखड्यात दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे, आणि बरेच विभाग ते उन्हाळ्याच्या सुट्टीत करून घेतात. तिकडचं उन्हाळी सत्र एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत भरात असतं. तू मेमध्ये परीक्षा देऊन गेलीस तर प्रयोगशाळा चालू, प्राध्यापक जागेवर, आणि सहा-आठ आठवड्यांचं काम करून तिसऱ्या सत्राला परत. तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्यात ६ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतोच. तिथे गोळा केलेल्या कामावर तोच प्रकल्प पुढे चालव आणि तिथल्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक म्हणून घे. कोणाचंच वर्ष बुडत नाही. परीक्षा विभागाला नवं काही शिकावं लागत नाही, कारण ओजेटीचे गुण द्यायची पद्धत त्यांच्याकडे आहेच. माझ्या मते मॅडमच्या टेबलावर एवढाच प्रस्ताव जाऊ दे. पूर्ण सत्राची अदलाबदल हे पुढच्या बॅचचं काम, पण त्याचा पाया तू आत्ता घालू शकतेस.

तो पाया म्हणजे विषयांची जुळणी, आणि इथे जरा थांबू या, कारण गाड्या अडतात त्या इथेच. आपल्याकडे एका सत्राचे साधारण २२ क्रेडिट, त्यांच्याकडे ३०. आपला एक क्रेडिट म्हणजे १५ तास शिकवणं किंवा ३० तास प्रात्यक्षिक. युरोपीय क्रेडिट मात्र विद्यार्थ्याच्या एकूण कामाचे २५ ते ३० तास मोजतो, त्यात लायब्ररीत बसणं, घरी वाचणं, निबंध लिहिणं सगळं आलं. समज, तिथे ‘पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन’ हा ६ क्रेडिटचा विषय आहे आणि आठवड्याला चार तास आहेत. पंधरा आठवड्यांत होतात ६० तास. आपल्याकडचा ४ क्रेडिटचा विषयही ६० तासांचाच. म्हणजे ते ६ आणि हे ४ समान. हे कोणी आधी लिहून ठेवलं नसेल तर परीक्षा विभागातला माणूस ६ गुणिले २५ करून १५० तास काढेल, त्याला १५ने भागून दहा क्रेडिट म्हणेल, नाहीतर सरळ ‘आमच्या अभ्यासक्रमात हा विषयच नाही’ म्हणून फाइल परत करेल.

गुणांचं त्याहून गमतीचं. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास, ५.० म्हणजे नापास. तिथून १.३ घेऊन आलेली मुलगी वर्गात चमकलेली असते, पण आपल्या दहाच्या पट्टीवर १.३ वाचणारा कपाळाला हात लावेल. तिकडची विद्यापीठं परदेशी गुण बदलून घ्यायला ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा, भागिले कमाल वजा किमान पासिंग, गुणिले तीन, अधिक एक. आपल्या दहाच्या पट्टीत पासिंग ४ धरलं तर ८ ग्रेड पॉइंटचे तिथे २.० होतात. हेच उलटं फिरवलं की १.३ चे येतात ९.४. हे सूत्र आणि विषयांचा तक्ता अभ्यासमंडळाच्या इतिवृत्तात आणि पुढे विद्यापरिषदेत मंजूर करून घ्यावा लागतो. जाण्याआधी, परत आल्यावर नाही! परत आल्यावर मंजुरी मागणाऱ्यांच्या निकालावर ‘राखीव’ असा शेरा पडतो आणि मग मुलं महिनोन्महिने परीक्षा भवनाच्या खिडकीशी उभी असतात.

म्हणून निघण्यापूर्वी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’वर, म्हणजे तिकडे काय शिकायचं आणि ते इथे कसं धरायचं याच्या लेखी करारावर, तीन सह्या हव्यात : तुझी, तुझ्या विभागाची आणि तिथल्या विभागाची. हजेरीचंही त्यातच लिहून घे. शिष्यवृत्तीचे हप्ते हजेरीशी बांधलेले असतात. तू सत्र चालू असताना बाहेर गेलीस आणि मस्टरवर गैरहजर लागलीस तर तो वेगळाच घोळ.

दुहेरी किंवा संयुक्त पदवीची चर्चा विभागात निघाली तर तिला वळण दे. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे वेगळे नियम आहेत. पूर्वपरवानगीशिवाय करायचं तर आपल्या संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत विद्यापीठांच्या पहिल्या शंभरात स्थान, किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’ हा विशेष दर्जा लागतो, आणि समोरची संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात लागते. तुला पदवी आपल्याच विद्यापीठाची हवी आहे, तिथे फक्त काही काळ शिकायचंय. साध्या विनिमयाला तो डोंगर चढायची गरज नाही.

पैशांचं बोलू. विनिमय करारातली मोठी सवलत म्हणजे शुल्कमाफी : तू फी घरच्या विद्यापीठात भरतेस, तिथे भरत नाहीस. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं तशीही शिक्षणशुल्क घेत नाहीत, त्यामुळे ही माफी पुष्कळदा शोभेची असते. बाडेन-व्युर्टेमबर्गचं मात्र वेगळं आहे. तिथे २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात आणि करारातून आलेल्यांना ते माफ असतात. पूर्ण सत्रासाठी जाणाऱ्या पुढच्या मुलांना याचा खरा फायदा होईल. त्याच राज्यात बाडेन-व्युर्टेमबर्ग-स्टिपेंडियम नावाची शिष्यवृत्ती आहे, ती भागीदार विद्यापीठांच्या विनिमय विद्यार्थ्यांना मिळते, आणि नाव तिथल्या विद्यापीठाकडून जावं लागतं.

खरा खर्च राहण्याखाण्याचा. लांब मुक्कामाच्या व्हिसासाठी जर्मनी महिन्याला ९९२ युरोंची तजवीज दाखवायला सांगते. तुला दोन महिन्यांसाठी ब्लॉक्ड अकाउंट (खर्चाची रक्कम आधी भरून महिन्याला ठराविकच काढता येणारं खातं) बहुधा लागणार नाही, पण अंदाजाला हा आकडा चांगला. युरो शंभर रुपयांच्या आसपास धर; दोन महिन्यांचे दोन लाख, विमान आणि विमा वेगळा. हे कर्ज काढून करू नकोस, यावर मी बाबांच्या बाजूने आहे. आधी दोन दारं वाजव. एक, इरॅस्मस प्लस या त्याच कार्यक्रमाच्या आजच्या रूपातली आंतरराष्ट्रीय देवाणघेवाण : यात आपल्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्याला महिना ८०० ते ९०० युरो मिळू शकतात, पण अर्ज युरोपातल्या विद्यापीठानेच करायचा असतो. आपलं विद्यापीठ कितीही धावलं तरी उपयोग नाही. तिथल्या प्राध्यापकाने आपलं नाव घालायला हवं. दुसरं, डाड, म्हणजे जर्मनीची शैक्षणिक देवाणघेवाण संस्था. यांचे भारत-जर्मनी विद्यापीठ भागीदारीचे कार्यक्रम आहेत. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीकडे डोळे लावून बसू नकोस, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती पूर्ण पदवीसाठी असते, दोन महिन्यांसाठी नाही.

व्हिसाबाबत एक सावधगिरी. ९० दिवसांपर्यंत शेंगेन हा अल्प मुदतीचा युरोपीय व्हिसा, त्यापुढे जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा, इतपत सोपं आहे. पण निमंत्रणपत्रात ‘संशोधन-अभ्यास मुक्काम’ लिहिलंय की ‘इंटर्नशिप’, यावर प्रकार बदलू शकतो, दुसऱ्याला वेगळी मंजुरीही लागू शकते. आपण इथे त्याला ओजेटी म्हणतो म्हणून तिकडच्या पत्रात ‘जॉब’ शब्द येऊ देऊ नकोस. पत्राचा मसुदा आधी मागवून वाच आणि शंका असली तर व्हिसा केंद्राला विचार.

आता ज्याचा विचार आपल्याकडे कोणीच करत नाही ते : तिकडून कोण येणार? अदलाबदल एकाच बाजूने फार काळ चालत नाही. समोरचं विद्यापीठ दोन-तीन वर्षं आपली मुलं घेतं, मग हळूच मेलला उत्तर देणं थांबवतं. तुझ्या प्रस्तावाचं वजन या भागात आहे. पश्चिम घाटाची ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, आणि त्यातलं कास पठार तुमच्यापासून फार लांब नाही. सडे, म्हणजे खडकाळ पठारं, फुलतात श्रावण-भाद्रपदात, आणि नेमकी तेव्हाच जर्मन विद्यापीठांच्या दोन सत्रांमधली मोठी सुट्टी असते. दोन-तीन आठवड्यांचा फील्ड कोर्स ठेवा : सड्यावरची वनस्पती, साखर कारखान्याचं सांडपाणी, पंचगंगेचे पाण्याचे नमुने. शिकवायला तुमचेच प्राध्यापक पुरेत. अशा कोर्सला जर्मन विद्यापीठाने ३ क्रेडिट द्यायचं कबूल केलं की त्यांची मुलं आपसूक येतील. त्यांच्यासाठी कमोड असलेलं वसतिगृह, तिखट बेताचं, आणि परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याच्या नोंदीचा सरकारी फॉर्म भरणारा जागा रेक्टर, एवढी तयारी लागते. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे. तुझा प्रस्ताव मॅडमकडून तिथे जाईल. चार पानांपेक्षा मोठा करू नकोस. त्यासोबत तिथल्या एका प्राध्यापकाचं ‘आम्हाला रस आहे’ एवढ्या एका ओळीचं का होईना, पण पत्र जोड. त्यासाठी त्या विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन ज्यांचं काम तुमच्या मॅडमच्या कामाशी जुळतं असे दोघं-तिघं निवड, त्यांचे शोधनिबंध खरोखर वाच, आणि मेल मॅडमच्या नावाने जाऊ दे. विद्यार्थिनीच्या मेलला सौजन्याचं उत्तर येतं, प्राध्यापकाच्या मेलला कामाचं.

करिअरचं थोडक्यात. खाजगी विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय विभाग वाढतायत, सरकारी विद्यापीठांतही अशी कक्षं आहेत, शिवाय डाड, कॅम्पस फ्रान्स, ब्रिटिश कौन्सिल, फुलब्राइटचं काम पाहणारी संस्था या सगळ्यांना विद्यापीठाचं तंत्र आतून कळणारी माणसं लागतात. नुसतं फाडफाड इंग्रजी बोलणारे पुष्कळ मिळतात. अभ्यासमंडळाची टिपणी लिहिता येणारे, दोन पद्धतींचे क्रेडिट जुळवता येणारे फार थोडे. ‘परदेशी शिक्षण सल्लागार’ म्हणवणारी दुकानं हा वेगळा धंदा आहे, बहुतेकांची कमाई विद्यापीठांच्या कमिशनवर चालते, तिकडे लगेच वळू नकोस. जर्मन शिकायला मात्र आत्ताच लाग. मे महिन्यापर्यंत ए१ ही पहिली पातळी आणि जमलं तर पुढची ए२ होऊ शकते. जवळ वर्ग नसेल तर पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाच्या ऑनलाइन वर्गांची चौकशी कर. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं, पण कचरा कोणत्या डब्यात टाकायचा हे शेजारच्या आजी जर्मनमध्येच सांगतात.

क्रम असा ठेव : या महिन्यात कराराची प्रत आणि तिथल्या प्राध्यापकांना मेल, दिवाळीपूर्वी चार पानांचा प्रस्ताव, डिसेंबरपर्यंत अभ्यासमंडळ, फेब्रुवारीत निमंत्रणपत्र. पासपोर्ट नसेल तर अर्ज उद्याच कर. आणि हे उत्तर बाबांना वाचायला दे, विशेषतः कर्जाचा परिच्छेद.