टॅरंटुलाचा पाय तुटला, आता काय?

प्रश्न: कात टाकताना आमच्या टॅरंटुलाचा, म्हणजे पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याचा, एक पाय जुन्या कातीत अडकून तुटला की ओ, जगेल काय तो? – एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: बहुतेक जगतो ओ, घाबरू नका. तुटल्या जागेतून निळसर पाणी, म्हणजे त्याचं रक्त, गळतंय काय ते आधी बघा, गळत असेल तर कॉर्नफ्लॉवरची चिमूट हलक्या हातानं तिथंच लावा आणि मग त्याला एकटं सोडा. कात टाकल्यावर पांढरे दिसणारे दात परत काळे होईपर्यंत झुरळ, रातकिडा काही टाकू नका, मऊ अंगाला उलट तेच चावतात. पाय पुढच्या कातीला परत येतो, आधी बारका, मग भरतो, पण वयात आलेला नर असेल तर सहसा नाही. उन्हाळ्यात आपल्याकडं हवा कोरडी पडते, पाण्याची वाटी भरलेलीच ठेवा. आणि उताणा दिसला तर मेला म्हणून हलवू नका, बहुतेक कात टाकत असतो.