जर्मनीत विमा ब्रोकर गाठण्याआधी

तुम्ही विचारलंय : बायको आणि दोन मुलांसह पुण्याहून स्टुटगार्टला यायचंय, मित्राने सुचवलेला ब्रोकर म्हणतो की खासगी आरोग्य विमा सरकारीपेक्षा स्वस्त पडेल, तर घ्यावा का?

आत्ता सही करू नका. ब्रोकर नक्की कोणाचा माणूस आहे ते आधी बघा.

मी 2014 मध्ये कोथरूडहून आले तेव्हा विमा म्हणजे माझ्या लेखी आमचे एलआयसीवाले काका. दर मार्चमध्ये यायचे, चहा घ्यायचे, पावती आईच्या हातात ठेवायचे. त्याच भरवशाने इथे पहिल्या आठवड्यात एका बेकरीत मी एका गृहस्थांसमोर बसले. खासगी आरोग्य विम्याचा फॉर्म भरून तयार, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली. आम्हाला मुलं हवीत का, हे त्यांनी विचारलंच नाही. ते एकाच कंपनीला बांधलेले आहेत, हे कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं. माझं मॅक्सम्युलर भवनातलं जर्मन तिथवर पोचलं नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली आणि तिचा वेगळा हप्ता सुरू झाला. पुढे अर्धवेळ काम घेतलं, पगार खासगी विम्यासाठी लागणाऱ्या मर्यादेखाली आला, तेव्हा कुठे सरकारी विम्यात परतता आलं.

म्हणून दोन शब्द पाठ करून या. ‘फेर्ट्रेटर’ म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी. ‘माक्लर’ म्हणजे ब्रोकर. तो कायद्याने तुमच्या बाजूचा असतो आणि चुकीच्या सल्ल्याने नुकसान झालं तर जबाबदार धरला जातो. आपण कोण आहोत हे त्याने पहिल्याच भेटीत लेखी द्यायचं असतं. त्यावरचा ‘डी’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ऑनलाइन नोंदवहीत तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

माक्लरलाही पैसे बहुतेक वेळा विमा कंपनीच देते. खासगी आरोग्य विम्यावर त्याला साधारण नऊ मासिक हप्त्यांपर्यंत कमिशन मिळू शकतं. सरकारीत मिळतं ते त्यापुढे किरकोळ. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. पण ‘स्वस्त’ हा शब्द ऐकताना हे आकडे डोक्यात असू द्या.

तुमचा हिशोब वेगळा आहे. सरकारी विम्यात पगाराच्या 14.6 टक्के, वर त्या त्या विमा संस्थेचा थोडा जादा भार, आणि यातला निम्मा तुम्ही जिथे नोकरी करता ती कंपनी भरते. बायकोला उत्पन्न नसेल तर ती आणि मुलं त्यातच, फुकट. खासगीत चौघांचे चार हप्ते. शिवाय त्यासाठी 2026 मध्ये वार्षिक पगार 77,400 युरोंच्या वर लागतो, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर परतीची वाट जवळजवळ बंद होते.

माझी आताची ब्रोकर पहिल्या भेटीत दीड तास नुसते प्रश्न विचारत होती. किती वर्षं राहणार, आई-वडील येणार का, मुलीचे दात कसे आहेत. शेवटी म्हणाली, आरोग्य विमा आहे तोच ठेवा, फक्त दायित्व विमा घ्या. तो खरंच घ्या. मुलाच्या सायकलने कुणाची गाडी खरचटली तर कामी येतो. दिलेल्या सल्ल्याची लेखी नोंद मागा. ‘नोंद नको’ असा फॉर्म कोणी पुढे केला तर सही करू नका. विमा करारावर चुकून सही झालीच, तर साधारण 14 दिवसांत तो मागे घेता येतो.

जाता जाता : पुण्यात आई-बाबांची मेडिक्लेम पॉलिसी खंडित होऊ देऊ नका, नाहीतर जुन्या आजारांची प्रतीक्षा मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाऊ शकते.

आणि ब्रोकरशी पहिलं बोलणं तिथूनच व्हिडिओवर करा, बायकोला शेजारी बसवून. घर, मुलं, दवाखाना यांबद्दलचे तिचे प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळे असतील.