जाड नळीतलं पाणी न्यूट्रॉनने बघताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २५ मेगापास्कल दाबाखालचं ४०० अंशांचं पाणी आणि साधं थंड पाणी स्टेनलेस स्टीलच्या 'टी' जोडात कसं मिसळतं ते बघायचंय; नीलमण्याची खिडकी बसवू की क्ष-किरण वापरू?

खिडकीचा नाद सोडा. असं पाणी नीलमण्यालाही खातं, शिवाय खिडकीमुळे जोडाचा आकार बदलतो, म्हणजे प्रवाहही तुमचा राहिला नाही. क्ष-किरणांची अडचण अशी की ते अडतात स्टीलमध्ये, पाण्यात फारसे नाही. न्यूट्रॉनचा झोत नळीतून सोडून मागच्या पडद्यावर चित्र घेतलं की नेमकं उलटं होतं, कारण पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनांना जबर विखुरतो.

हिशेब करून बघा. औष्णिक, म्हणजे मंदावलेल्या, न्यूट्रॉनसाठी पाण्याचा क्षीणन गुणांक (झोत किती झपाट्याने विरतो त्याचा आकडा) दर सेंटिमीटरला साधारण ३.५, स्टीलचा १.१ च्या आसपास. दोन्ही भिंती मिळून ४ मिमी स्टील धरलं तरी साठ टक्क्यांहून जास्त न्यूट्रॉन पार होतात. आतल्या ३ मिमी थंड पाण्यातून त्यातले ३५ टक्के सुटतात. तेच पाणी ४०० अंशांवर गेलं की घनता घनसेंटिमीटरला १ ग्रॅमवरून ०.१७ वर उतरते आणि ८४ टक्के सुटतात. कॅमेऱ्याला हा फरक भरपूर झाला.

जपानच्या तोहोकू विद्यापीठातल्या मंडळींनी क्योतो विद्यापीठाच्या कुमातोरीतल्या अणुभट्टीवर हेच केलं. त्यांना धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण बनवायचे होते, आणि कणांचा आकार ठरतो तो पाणी किती झटकन मिसळतं त्यावर. थंड पाणी सहापट जड, त्यामुळे वेग कमी असला की ते तळाशी बसतं. 'मिसळलंच असेल' हे गृहीतक तिथेच कोसळतं.

आता खरी मेख. चित्रात वेग दिसत नाही, दिसते फक्त घनता, तीही किरणाच्या वाटेवरची सगळी एकत्र. दोन्ही प्रवाह एकाच तापमानाचे असतील तर काहीच दिसणार नाही. तेव्हा एका बाजूने 'जड पाणी' सोडा, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार, ड्युटेरियम, असतो ते. ड्युटेरियम न्यूट्रॉनांना फार कमी अडवतो. एकेका चित्राला काही सेकंद लागत असतील तर भोवरे पुसले जातात, हातात येते ती सरासरी. आणि पाण्याचा थर फार जाड ठेवू नका: विखुरलेले न्यूट्रॉनही पडद्यावर येऊन पडतात, मग पाणी आहे त्यापेक्षा हलकं भासतं. रिकाम्या आणि थंड पाण्याने भरलेल्या नळीची चित्रं आधी घेतल्याशिवाय घनतेचा आकडा सांगूच नये.

आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीवर न्यूट्रॉन चित्रणाची सोय आहे. पण अर्ज करण्याआधी तुमच्या नळीचा आतला व्यास सांगा, मग पुढचं बोलू.