रानात वाद्यं वाजवणाऱ्या मुलांचं चित्र प्रतीकवादी शैलीत करतोय, पण ते कॅलेंडरसारखं गोड दिसतंय. काय चुकतंय?

बहुतेक ऊन आणि चेहरे. झाडांतून पडणारे उन्हाचे कवडसे आणि गडद सावल्या आल्या की चित्रातली दुपारची वेळ कळते. प्रतीकवादी चित्राला, म्हणजे प्रसंग दाखवण्यापेक्षा भाव सुचवणाऱ्या चित्राला, वेळच नको असते. सावल्या जवळजवळ काढून टाका. हिरवा ट्यूबमधून थेट लावू नका, त्यात चिमूटभर लाल (इंडियन रेड चालेल), मग पांढरा मिसळा. नुसता पांढरा घातलात तर रंग पिठूळ होतो, थोडा यलो ओकर (मातकट पिवळा) घातला की सावरतो.

फ्रेंच चित्रकार प्युवी द शावानचं 'समुद्रकाठच्या तरुणी' (1879, ओर्से संग्रहालय, पॅरिस) पाहा. मधली तरुणी चक्क पाठमोरी आहे, आणि तिघींपैकी कुणीच कुणाकडे बघत नाही. मुलांनाही हेच लावा: हसू नको, पापण्या खाली, आपल्याकडे कुणी पाहायचं नाही. तीन मुलं पुरे. झाडांचे शेंडे चौकटीबाहेर जाऊ द्या. उभ्या खोडांमधलं कमीजास्त अंतर तालाचं काम करतं.

वाद्यात मात्र चूक खपत नाही. आडवी पाश्चात्त्य बासरी वाजवणाऱ्याच्या उजवीकडे जाते, म्हणजे समोरून बघताना आपल्या डावीकडे. उलटा झालेला संदर्भफोटो वापरला की हीच गफलत होते. व्हायोलिनचा गजही उजव्या हातात.

तैलरंग असतील तर खालचा थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत तेल जास्त. उलट केलंत तर भेगा पडतात. शेवटी चकचकीत व्हार्निश नको, मॅट लावा.