रंग गेला, औषध गेलं का?

पत्र (थोडक्यात): मुलगी बारावी सायन्सला आहे. पाण्यातले औषधांचे अंश अल्ट्रासाउंड आणि ऑक्सिडेशननं काढण्याचा प्रकल्प तिनं केला. औषधाऐवजी मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरला. डिस्टिल्ड वॉटरमध्ये रंग झटकन गेला, मुठा नदीच्या पाण्यात फारसा गेला नाही. प्रदर्शनात चांगला आलेखच लाव म्हटलं, तेव्हापासून ती आमच्याशी धड बोलत नाही. तिला याच विषयात पुढे पाठवायचं आम्ही ठरवलंय, पेटंटचीही चौकशी केलीय. कोणती शाखा घ्यावी? – एक पालक, सिंहगड रोड

उत्तर: पत्रासोबत तुम्ही वहीच्या पानाचा फोटो जोडलाय. डावीकडे डिस्टिल्ड वॉटरचे आकडे, उजवीकडे विठ्ठलवाडीहून आणलेल्या पाण्याचे. उजव्या रकान्यावर लाल पेनाची तिरकी रेघ आहे, शेजारी 'हे नको' असं लिहिलंय, आणि ते अक्षर तिचं नाही. शाखेचं नंतर बघू.

नदीवरून कॅन भरून आणायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं ना? डिस्टिल्ड वॉटरवर ती सहज थांबली असती, बक्षीसही मिळालं असतं. पण खऱ्या पाण्यात हे चालतं का, हे तिला बघायचं होतं. मला तिच्यातला संशोधक दिसतो तो तिथे, आणि तुम्ही रेघ मारलीत तीही नेमकी तिथेच. मुलगी अबोल झाली यात मला नवल वाटत नाही.

तिचा प्रयोग फसलेला नाही. अल्ट्रासाउंडनं पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. फुटताना आतलं तापमान क्षणभर काही हजार अंशांवर जातं, पाण्याचे रेणू तुटतात आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे अतिशय क्रियाशील तुकडे, तयार होतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फेरस सल्फेट घातलं की हेच रॅडिकल आणखी भराभर मिळतात. पण ते समोर येईल त्यावर तुटून पडतात. नदीच्या पाण्यातला सेंद्रिय मैला आणि बायकार्बोनेट त्यांना आधीच खाऊन टाकतात, रंगाच्या वाट्याला उरतात थोडेच. त्यात लोह-पेरॉक्साइडची ही क्रिया साधारण ३ पीएचला उत्तम चालते, नदीचं पाणी तेवढं आम्लधर्मी नसतं. प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट सांडपाण्याच्या प्लांटमध्ये अडते त्याचं हे एक मोठं कारण, दुसरं विजेचा खर्च. खोडलेल्या रकान्यात तिनं हेच पकडलंय.

तुमचा एक गैरसमज मात्र काढायला हवा. पत्रात तुम्ही म्हणता, 'औषध पूर्ण नष्ट झालं.' रंग उडाला एवढंच तिनं दाखवलंय. रंग देणारा भाग तुटला की पाणी नितळ दिसतं, पण रेणूचे तुकडे त्यातच असतात. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाचं किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाचंही तसंच. मूळ रेणू सापडला नाही म्हणजे पाणी निर्धोक झालं असं नाही, काही वेळा तुकडे मूळ औषधापेक्षा घातक निघतात. शेवटपर्यंत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी झालं का, हे कळायला पाण्यात एकूण सेंद्रिय कार्बन किती उरला ते मोजावं लागतं. हे न मोजता पेटंटची भाषा करू नका. आणि तिनं वापरलेल्या चष्मे धुण्याच्या ४० किलोहर्ट्‌झच्या मशीनवर, क्षमा करा, पेटंट मिळत नाही.

तिलाही एक प्रश्न. मशीन बंद ठेवून नुसतं पेरॉक्साइड आणि फेरस सल्फेट घातलं तर रंग किती उतरतो, हे पाहिलंस का? नसेल तर अल्ट्रासाउंडचं श्रेय अजून सिद्ध व्हायचंय. परीक्षक पहिलं हेच विचारतील.

आता शाखा. एमएचटी-सीईटी किंवा जेईईतून केमिकल इंजिनिअरिंग, किंवा आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था, किंवा बीएस्सी केमिस्ट्री करून जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा. सगळे रस्ते इथे पोचतात. मुंबईच्या आयसीटीत (रासायनिक तंत्रज्ञान संस्था) आणि आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) कॅव्हिटेशनवर, म्हणजे याच बुडबुडे फुटण्याच्या क्रियेवर, वर्षानुवर्षं काम झालंय. पण आजची आवड म्हणजे आयुष्याचा करार नव्हे. दोन वर्षांनी ती 'मला भूगर्भशास्त्र करायचंय' म्हणाली तर 'आम्ही ठरवलंय' हे वाक्य काढू नका. दोन पानी पत्रात ते चारदा आलंय, आणि तिचं म्हणणं एकदाही नाही.

प्रदर्शनाला आठ दिवस आहेत म्हणता. दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लागू देत. मधल्या रविवारी विठ्ठलवाडीला जाऊन तिला आणखी दोन कॅन भरून आणून द्या, एकाच नमुन्यावर निष्कर्ष काढायचा नसतो. आणि लाल पेन घरीच ठेवा.